नववी ‘ब’च्या सहलीचे पैसे

विजयलक्ष्मीबाईंनी सहलीचे पैसे खाल्ले, असं शाळेत पहिल्यांदा कोण म्हणालं ते मला कधीच कळलं नाही. मी म्हणाले नव्हते. पण ‘नाही, त्यांनी खाल्लेले नाहीत’ असंही मी कुठे म्हणाले नाही, आणि ते ठामपणे सांगू शकेल अशी त्या शाळेत मी एकटीच होते.

ह्यांची मद्रासला बदली झाली ती १९८२ साली. हे बँकेत अधिकारी, माउंट रोडवरच्या विभागीय कार्यालयात, वसुली खात्यात. पुण्याहून उचलून आणलेला संसार मैलापुरात एका वरच्या मजल्यावर मांडला. मूलबाळ नव्हतं, भाषा येत नव्हती, दिवस जाता जाईना. म्हणून जवळच्याच एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. पहिल्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत मी खुर्ची शोधत उभी होते. सगळीकडून तमिळ चाललेलं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “तुम्ही पुण्याच्या की? इथे बसा. मजला तुमचं नाव ऐकोनच कळलं.”

ह्या विजयलक्ष्मीबाई. गणित शिकवायच्या. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, केसांत मोगरा, कपाळावर विभूतीची बारीक रेघ. बघून कोणी त्यांना मराठी म्हटलं नसतं. माणसं तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी भोसल्यांबरोबर आलेली. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांची मराठी जुन्या पत्रांतल्यासारखी होती. पैशाला पैका म्हणायच्या, का-ला ‘काय म्हणोन’. मध्येच ‘बरं’ म्हणायला एखादं तमिळ ‘सरी’, एखादं ‘ऐय्यो’. त्यांची मुलगी भवानी आमच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होती; ती आईशी तमिळच बोलायची. बाईंना मराठी बोलायला घराबाहेर कोणी नव्हतं आणि मलाही ह्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. दुपारच्या सुट्टीत आम्ही खिडकीजवळचं बाक धरायचो. त्यांच्या डब्यातला दहीभात आणि माझी पोळीभाजी, निम्मं निम्मं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांनी मनावर घेतलं की नववी ‘ब’च्या मुलींना तंजावर दाखवायचं. मोठं देऊळ, राजवाडा, जुनं ग्रंथालय. “त्या देवळाच्या भिंतीवर आमच्या भाषेत केवढा लेख कोरला आहे, विमलाबाई! पोरींना वाचोन दाखवीन. त्यांस वाटतं मराठी म्हणजे मुंबईच्या शिनेमातली.” वर्गात एकेचाळीस मुली. माणशी सत्तर रुपये. एकदम भरणं सगळ्यांना जमणारं नव्हतं, म्हणून बाई दर सोमवारी जमेल तेवढे घ्यायच्या आणि एका वहीत लिहायच्या. कनका नावाची एक बाई देवळाच्या तळ्याजवळ फुलं विकायची. तिच्या मुलीचे पैसे चार-चार आठ-आठ आण्यांच्या नाण्यांत यायचे, पाण्यानं ओले झालेले. बाई ती नाणी रुमालावर पसरून वाळवायच्या.

पैसे बरेच जमल्यावर त्यांना काळजी वाटू लागली. शाळेच्या कपाटाची कडी धड नव्हती. कोपऱ्यावरच ह्यांच्या बँकेची शाखा होती आणि तिथे बाईंचं बचत खातं होतं. त्यांनी शाखेचे मॅनेजर कृष्णस्वामींना विचारलं, सहलीच्या नावानं वेगळं खातं काढता येईल का? मी बरोबर होते. ते म्हणाले, “कशाला टीचर? त्याला शाळेचा ठराव लागेल, हेडमिस्ट्रेसची सही लागेल. दोन महिन्यांचा तर प्रश्न. तुमच्याच खात्यात टाका. मला माहीत आहे ना कशाचे पैसे आहेत ते!” बाईंनी मान डोलावली. तेव्हापासून दर सोमवारी शाळा सुटल्यावर त्या पैसे भरून यायच्या आणि पासबुक मला दाखवायच्या.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी बसवाल्याला पंधराशे रुपये आगाऊ द्यायचे होते. बसवाला माउंट रोडला. मधल्या सुट्टीनंतर आम्हा दोघींनाही तास नव्हते, म्हणून बरोबरच निघालो, आधी बँकेत. बाईंनी पैसे काढायची पावती भरली, खिडकीतून आत दिली. कारकुनानं खातेवहीचं पान उघडलं, पावतीकडे पाहिलं, परत पानाकडे पाहिलं आणि पावती परत सरकवली. “मॅनेजरना भेटा.”

कृष्णस्वामी आम्हाला पाहून उठून उभे राहिले. त्यांनी आधी मलाच नमस्कार केला. “बर्वे सारांच्या मिसेस! या, या. कॉफी सांगतो.”

“कॉफी राहू द्या,” बाई म्हणाल्या. “पैसे का देत नाहीत?”

“बसा टीचर.” त्यांनी फाइल ओढली. ती तयारच होती. “तुमच्या मिस्टरांचं कर्ज आहे. ऐंशी सालचं. अठरा हजार, लेथ मशीनसाठी. तुम्ही जामीन आहात.”

“आहे.”

“ते दीड वर्ष थकलंय. व्याज धरून एकवीस हजारांवर गेलंय. आम्ही तीन नोटिसा पाठवल्या. दोघांच्या नावानं. पोचपावत्या आहेत. उत्तर आलं नाही. त्यामुळे परवा तुमच्या खात्यातली रक्कम कर्जात वळती करून घेतली. तीन हजार सत्त्याहत्तर.”

“सगळी?”

“पाच रुपये ठेवलेत. खातं बंद होऊ नये म्हणून.”

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. “हे पहा. एकेचाळीस नावं आहेत. दोन हजार आठशे सत्तर ह्या पोरींचे आहेत. माझे दोनशे बारा होते, ते घ्या. तुम्हीच म्हणाला होतात, माझ्या खात्यात टाका म्हणून. ह्या बसल्या होत्या तेव्हा.”

कृष्णस्वामींनी माझ्याकडे पाहिलं नाही. “मी म्हणालो असेन, टीचर. पण कागदावर काय आहे? खातं तुमच्या नावावर आहे. कागदावर सगळे पैसे तुमचे.”

“तुम्हाला माहीत आहे ते माझे नव्हेत.”

“मला माहीत असून काय उपयोग? ऑडिटरला माहीत नाही.” त्यांनी फाइलची गाठ बांधली. “वरून दट्ट्या असतो. बर्वे सारांना विचारा, मार्च जवळ आला की काय होतं ते.”

त्या संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. तुळजाजीराव, त्यांचे यजमान, ओसरीत बसले होते. गोड बोलणारा, हसरा माणूस. अंबत्तूरला गाळा घेऊन एका कारखान्यासाठी मोटारींचे सुटे भाग करून द्यायचे. त्या कारखान्यात टाळेबंदी झाली, माल पडून राहिला, पैसे अडकले, हे बाईंना माहीत होतं. नोटिसांचं माहीत नव्हतं. त्यांनी दारातच विचारलं, “लिफाफे कोठें आहेत?”

तुळजाजीराव उठले. भिंतीवरच्या कॅलेंडरामागून त्यांनी सहा लिफाफे काढले. तीन त्यांच्या नावाचे, तीन बाईंच्या. पोचपावत्यांवर बाईंच्या सह्या त्यांनीच केल्या होत्या. “पुढल्या महिन्यात भरीन म्हटलं. भरले की मग दाखवीन म्हटलं. तुला उगा घोर काय म्हणोन?”

बाईंनी आवाज चढवला नाही. लिफाफे तारखेप्रमाणे लावले, उत्तरपत्रिका तपासाव्यात तसे एकेक वाचले. मग म्हणाल्या, “पहिला लिफाफा दाखवला असतात तरी मी पोरींचा पैका त्या खात्यात टाकला नसता.” भवानी आतल्या दारात उभी होती. ती आईला तमिळमध्ये म्हणाली, सोमवारी वर्गात मी काय सांगू?

सोमवारी काही सांगायची वेळच आली नाही. त्याआधीच बातमी फुटली होती. बसवाला आगाऊ रकमेची वाट पाहून शाळेत विचारायला आला होता. कनका फुलांची टोपली घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिली. इतर आया ओरडत होत्या, ती ओरडत नव्हती. एवढंच विचारत होती की, माझ्या मुलीचे पैसे पूर्ण भरले होते ना, वहीत आहेत ना? तिला वाटत होतं, सहल रद्द झाली ती तिचे पैसे उशिरा आल्यामुळे.

हेडमिस्ट्रेस विशालाक्षी अम्मांनी मला खोलीत बोलावलं. कडक बाई, पण अन्यायी नव्हत्या. म्हणाल्या, “विजयलक्ष्मी सांगते, बँकेनं पैसे कापून घेतले. न विचारता. असं होतं? तुझे मिस्टर त्याच बँकेत आहेत. तूच सांग, बँक असे कोणाचे पैसे घेऊ शकते?”

आदल्या रात्री जेवताना मी हा विषय काढला होता. ह्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं होतं, “बँकेतली एकही गोष्ट शाळेत बोलायची नाही. ग्राहकाच्या खात्याची माहिती बाहेर गेली तर माझ्यावर येईल.” ते माझ्या कानात होतं. मी अम्मांना म्हणाले, “मला त्यातलं काही कळत नाही.”

“तू तिच्याबरोबर गेली होतीस म्हणे.”

“हो. पण मी बाहेर बसले होते.”

बाहेर बसले होते! हे वाक्य कुठून आलं, मलाही कळलं नाही. अम्मा जा म्हणाल्या. त्यांनी काय अर्थ काढला तो दुसऱ्या दिवशी कळला. विजयलक्ष्मीबाईंना पंधरा दिवसांची मुदत मिळाली. पैसे आणून द्या, नाहीतर संस्थेच्या मंडळाकडे कागद जाईल.

बाईंकडे त्यांच्या आईच्या हिऱ्यांच्या कुड्या होत्या. रोजच्या वापरात, कानातच. शनिवारी आम्ही टी. नगरला गेलो. पानगल पार्कजवळ उतरून गर्दीतून चालताना त्यांनी दोनदा हात कानाशी नेला. सराफानं कुड्या भिंगाखाली धरल्या, दोन खड्यांत काजळी डाग आहेत म्हणाला, सोन्याची घट धरली आणि तीन हजार पन्नास सांगितले. बाईंनी घासाघीस केली नाही. दुकानाबाहेर येऊन पदपथावरच्या एका फेरीवाल्याकडून सोन्याचा मुलामा दिलेल्या सहा रुपयांच्या कुड्या घेतल्या आणि तिथेच उभ्याउभ्या घातल्या. “कान मोकळे दिसूं नयेत,” म्हणाल्या. “शाळेत जायचं आहे.”

दोन हजार आठशे सत्तर रुपये त्यांनी अम्मांच्या टेबलावर मोजून ठेवले. अम्मांनी पावती दिली. मग म्हणाल्या, “सहल होऊ दे. मुलींची काही चूक नाही. पण विजयलक्ष्मी, तू जाऊ नकोस. पालकांना आवडणार नाही. विमला नेईल मुलींना.”

मी नाही म्हणू शकले असते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकेचाळीस मुलींना घेऊन तंजावरला गेले. भवानीचा पाय निघत नव्हता. आईनंच तिला पाठवलं. “घरी राहिलीस तर लोक आणीक बोलतील.” मोठ्या देवळात मी त्या भिंतीपाशी उभी राहिले. खरंच केवढा लेख होता, मराठीत, भिंतीभर. मुलींनी विचारलं, टीचर, ह्यात काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं, इंग्रजीत अर्थ सांगितला. पहिल्या चार ओळींनंतर भवानी बाजूला झाली आणि खांबाला टेकून बसमध्ये कधी बसायचं म्हणून विचारत राहिली. परतल्यावर मुलींनी एकत्र काढलेला फोटो सगळ्या शिक्षिकांना दाखवला. विजयलक्ष्मीबाईंना कोणी दाखवला नाही. मीही नाही.

घरी ह्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. हे वाईट माणूस नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. एका रात्री स्वतःहूनच म्हणाले, “त्या बाईंनी लिहायला पाहिजे. बँकेला कर्जापोटी पैसे कापता येतात ते खातेदाराचे स्वतःचे असतील तर. दुसऱ्यांचे पैसे तिच्याकडे सांभाळायला दिलेले असतील आणि मॅनेजरला ते माहीत असेल, तर हात लावता येत नाही. कृष्णस्वामीनं चूक केली आहे. विभागीय कार्यालयाला लिहू दे. पण मी सांगितलं असं कुठे येता कामा नये.”

माझ्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. दुसऱ्याच दिवशी मी बाईंना सांगितलं. दोघींनी मिळून पत्र लिहिलं. त्यांचं इंग्रजी गणितासारखं, मोजकं. वहीची नक्कल जोडली, मुलींच्या नावांसकट. कृष्णस्वामी काय म्हणाले होते ते लिहिलं. साक्षीदार म्हणून माझं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “नको, ह्यांना अडचण होईल.” त्यांनी लगेच मान हलवली. “सरी, सरी. नको.” माझं नाव टाळल्याची भरपाई म्हणून असेल, मी त्यांना एक वाक्य सुचवलं. “आईच्या कुड्या विकून तुम्ही मुलींचे पैसे परत केलेत, हेही लिहा. वाचणाऱ्याला काही वाटेल.”

“दया मागावी की?”

“दया नाही. खरं तेच लिहायचं.”

त्यांनी ते वाक्य लिहिलं.

दहा महिने उत्तर नाही. दर महिन्याला त्या एक स्मरणपत्र पाठवायच्या आणि नक्कल खाकी पाकिटात ठेवायच्या. भवानी दहावीत गेली. शाळेत कुजबूज ओसरली होती, पण संपली नव्हती. खडू हरवला तरी कोणीतरी खोकायचं. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात विभागीय कार्यालयाचं पत्र आलं. शाखेनं केलेली वळती नियमाला धरून नव्हती. दोन हजार आठशे सत्तर रुपये आपल्या खात्यात परत जमा करण्याचे आदेश शाखेला दिले आहेत.

बाई त्या दिवशी मैसूर पाकाचा पुडा घेऊन माझ्या घरी आल्या. हे ऑफिसातून यायचे होते. बाईंनी पत्र तीनदा वाचून दाखवलं. “पैका आला त्याचं मोठं नव्हे, विमलाबाई. ‘चूक’ म्हणोन लिहिलंय पहा. मी हे अम्मांना दाखवीन. भवानीच्या अकरावीची फी होईल. उरलं तर कानांत सोन्याचं बारीकसं काही घेईन.” हे आल्यावर त्यांनी ह्यांनाही मैसूर पाक दिला. ह्यांनी घेतला, खाल्ला आणि “बरं झालं” म्हणून आत गेले.

पोंगलच्या आधी त्या बँकेत गेल्या. ह्या वेळी मी नव्हते. दुपारी त्या शिक्षिकांच्या खोलीत आल्या आणि पासबुक माझ्यासमोर ठेवलं. आठ जानेवारी, जमा, दोन हजार आठशे सत्तर. आठ जानेवारी, नावे, दोन हजार आठशे सत्तर. शिल्लक पाच रुपये आणि व्याजाचे काही पैसे.

“घेतला,” त्या म्हणाल्या. “दिला आणि त्याच दिवशी घेतला. कृष्णस्वामी म्हणाले, वरूनच तसं लिहून आलं आहे. मी हट्ट धरला तेव्हा त्या कागदाची नक्कल दिली. ह्यातलं इंग्रजी मजला नीट लागत नाही. वाचा.”

टंकलिखित अर्धं पान होतं. मी वाचलं. जामीनदार महिलेने स्वतःच्याच पत्रात म्हटल्याप्रमाणे, तिने आपले दागिने विकून विद्यार्थिनींची रक्कम आधीच चुकती केलेली आहे. त्यामुळे आता परत जमा होणाऱ्या रकमेवर विद्यार्थिनींचा हक्क उरत नाही. ती रक्कम जामीनदाराच्या स्वतःच्या मालकीची ठरते. सबब जमा होताच ती थकीत कर्जापोटी वळती करून घेण्यास हरकत नाही. खाली आद्याक्षरं होती. अक्षर मी रोज वाणसामानाच्या यादीवर बघत होते.

“काय लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. सगळं. तुम्ही मुलींचे पैसे फेडले, म्हणून आता ते तुमचे. तुमचे, म्हणून बँकेचे.

“म्हणजे फेडले नसते तर?”

“तर... मुलींचे राहिले असते. कापता आले नसते.”

त्यांनी पासबुक मिटून पिशवीत ठेवलं; कागद माझ्यापुढेच राहिला. मग घंटा झाली आणि त्या तासाला गेल्या.

त्या संध्याकाळी हे घरी येऊन बूट काढत असतानाच मी तो कागद ह्यांच्यासमोर धरला. ह्यांनी तो ओळखला.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“लिहिणं माझं काम आहे.”

“वाट तुम्हीच दाखवली होतीत तिला.”

“हो. आणि ती बरोबर होती. म्हणून तर पैसे परत करायचा आदेश निघाला. तोही मीच तयार केलाय.” ह्यांनी मोजे घडी करून बुटांत ठेवले. “मग दुसरा प्रश्न आला. पैसे परत दिल्यावर ते कोणाचे? तिनं स्वतःच लिहून दिलंय. मी डोळेझाक केली असती तर तपासणीत पकडलं असतं. थकबाकी असलेल्या जामीनदाराला बँकेनं तीन हजार रोख कसे सोडले, असं विचारलं असतं. कोणाला? मला. शिवाय तू तिची मैत्रीण. लोक तर काय काय म्हणाले असते.”

“ते वाक्य मी घालायला सांगितलं होतं.”

हे थांबले. “तू?”

“दया यावी म्हणून.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, काहीतरी म्हणतील. “फाइलवर असलं काही लिहायचं नसतं,” म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

रात्रभर मी ठरवत होते. सकाळी शाळेत बाईंना कोपऱ्यात गाठून सांगितलं की, तो कागद आमच्या घरातून निघालेला आहे. पैसे मी देते, महिन्याला शंभर-शंभर करून, माझ्या पगारातून.

“मजला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “काल वाचतांना तुमचा चेहरा पाहिला.” मग म्हणाल्या, “तुमच्या यजमानांनी खोटं काही लिहिलेलं नाही. तुमचा पैका नको.” आणि पुढचं वाक्य त्यांनी तमिळमध्ये उच्चारलं. दहावीच्या तासाला उशीर होतोय, एवढंच होतं ते. पण त्यानंतर त्या माझ्याशी मराठीत बोलल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. हवामान, परीक्षा, मुलींचे गुण, सगळं बोलायच्या. हळू, सोप्या तमिळमध्ये, नव्या आलेल्या कोणत्याही परप्रांतीय शिक्षिकेशी बोलावं तसं. खिडकीजवळच्या बाकावर मी एकटी जेवू लागले.

लेथ मशीनचा पुढे लिलाव झाला. चार हजार आले. उरलेल्याचे बँकेनं हप्ते बांधून दिले, बाईंच्या पगारातून महिना दीडशे. तुळजाजीराव टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानात लागले. काम दारात उभं राहून रस्त्यावरच्या बायकांना हात जोडून आत बोलवायचं. मी एकदा पलीकडच्या पदपथावरून पाहिलं. हसतमुख माणूस, ते काम त्यांना चांगलं जमत होतं. मी रस्ता ओलांडला नाही. भवानी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि अकरावीऐवजी टायपिंगला गेली.

अम्मांना बाईंनी ते पत्र दाखवलं होतं, बँकेची चूक कबूल करणारं. अम्मांनी वाचलं, चांगलं झालं म्हणाल्या, फाइलला लावलं. शाळेतलं काही बदललं नाही. कारण गोष्ट अशी होती की बाईंनी पैसे खाल्ले, असं उघडपणे तोंडावर कोणी कधी म्हटलंच नव्हतं; मग ते खोटं ठरवायचं तरी कोणासमोर? फक्त त्यांच्या हातात कोणी पैसे देत नव्हतं. परीक्षेची फी, वर्गणी, वह्यांचे पैसे, त्यांच्या वर्गाचं सगळं दुसरी कोणीतरी गोळा करायची. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. होत गेलं.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात ध्वजदिन आला. आमची बदलीची ऑर्डर आली होती, नागपूरला, बढतीवर. मार्चअखेरच्या वसुलीत ह्यांचा विभाग पहिला होता. शिपाई सैनिक निधीचे मोहोरबंद डबे आणि कागदी झेंड्यांची पाकिटं घेऊन शिक्षिकांच्या खोलीत आला आणि वर्गशिक्षिकांना एकेक देत सुटला. विजयलक्ष्मीबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, उत्तरपत्रिका तपासत. त्यांच्या वर्गाचा डबा घेऊन तो त्यांच्यासमोर आला, थबकला आणि तो डबा त्यांच्या हातावरून माझ्यापुढे धरला.

“आठवी ‘अ’चा,” तो म्हणाला. “टीचर, तुम्ही फिरवाल ना?”

डबा पत्र्याचा होता, कुलूप लावलेला, वरून लाखेची मोहोर. त्यातून कोणाला काही काढता येणार नव्हतं. खोलीत सगळ्या जणी आपापल्या कामात होत्या. बाईंची लाल पेन्सिल चालूच होती. मी तो घेतला नसता तर त्याला तो त्यांनाच द्यावा लागला असता.

मी डबा घेतला. बाईंनी पान उलटलं, पर्समधून आठ आणे काढून फटीतून आत टाकले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.